शुद्ध ऑक्सिजनसाठी स्कूबा रेग्युलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात समुद्र नाही, पण समुद्रात उतरणारी माणसं भरपूर आहेत. मालवण-तारकर्ली, नेत्राणी, अंदमान करता करता त्यातली काही टेक्निकल डायव्हिंगकडे (जास्त खोल आणि लांबच्या डाइव्हकडे) वळतात आणि एक दिवस माझ्या वर्कशॉपमध्ये फोन येतो: "रेग्युलेटर ऑक्सिजनसाठी करून द्याल का?" त्या एका वाक्यानंतर जे बोलणं होतं ते बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं असतं. ते सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधल्या वायूचा दाब श्वास घेण्याइतका कमी करून देणारं उपकरण; सिलिंडरवर बसते ती फर्स्ट स्टेज, तोंडात धरायची ती सेकंड स्टेज. काम द्यायचं असो वा नसो, ऑक्सिजनचा सिलिंडर हाताळणार असाल तर हे वाचाच.

पाण्याखाली शुद्ध ऑक्सिजन लागतोच कशाला?

खोल किंवा लांबलेल्या डाइव्हनंतर शरीरात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबे घ्यावे लागतात. शेवटच्या थांब्यांवर, म्हणजे ६ मीटर आणि ३ मीटरवर, शुद्ध ऑक्सिजन घेतला तर श्वासातून नायट्रोजन आत जातच नाही आणि आतला लवकर निघतो. ६ मीटरच्या खाली मात्र तो घ्यायचा नाही. ६ मीटरवर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, १.६ बार होतो, आणि शांत थांब्यासाठी हीच मान्य मर्यादा आहे. त्याखाली आचके येण्याचा धोका वाढत जातो आणि पाण्याखाली आचके म्हणजे बुडणं. म्हणून ऑक्सिजनचा रेग्युलेटर हा स्वतंत्र, त्याच्या सिलिंडरलाच बांधलेला आणि अंधारातही हाताला ओळखू येणारा असावा.

ऑक्सिजन पेट घेतो का?

नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, इतर सगळ्याला जाळायला मदत करतो. हवेत जे पदार्थ आपण 'सहज न पेटणारे' समजतो त्यातले बरेचसे २०० बारच्या ऑक्सिजनमध्ये इंधन होतात: रबर, नायलॉन, ग्रीस, बोटाचा तेलकट ठसा, आणि पुरेशी उष्णता मिळाली तर धातूसुद्धा.

मग ठिणगी कुठून येते, हा पुढचा प्रश्न. ती बाहेरून यावी लागत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे लहानपणी प्रत्येकाने हाताने अनुभवलं आहे. वायू पटकन दाबला की तापतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडलात, की फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला १ बारचा वायू क्षणात २०० बारला दाबला जातो. उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असं धरून गणित केलं, तर २० अंशांवरचा ऑक्सिजन १००० अंश सेल्सिअसच्या वर जातो. प्रत्यक्षात आजूबाजूचा धातू बरीच उष्णता शोषून घेतो, म्हणून रोज स्फोट होत नाहीत. पण तिथे ग्रीसचा एक थेंब असेल तर त्याला एवढंही पुरतं. ग्रीस पेटतं, त्याची आच ओ-रिंगला (सांध्यातल्या रबरी कड्याला) किंवा सीटला (वायू अडवणाऱ्या मऊ बुचाला) लागते, ती पेटली की धातूची पाळी. चुलीत कागद, मग काटक्या, मग ओंडका, तोच क्रम. फक्त सगळं डोळ्यांची पापणी लवायच्या आत.

दुसरं कारण कणांचं. धातूचा बारीक कीस, उडालेल्या क्रोमची खपली, वाळू वायूबरोबर प्रचंड वेगाने येऊन वळणावर आदळते आणि त्या आघाताने पेट घेऊ शकते.

मी एकदा एका फर्स्ट स्टेजची सीट काढली तेव्हा तिच्यावर मोहरीएवढा काळा ठिपका होता. काठ जळून आत वाकलेला. मालकाला काहीच कळलं नव्हतं. "थोडा फ्री-फ्लो होतोय" म्हणून, म्हणजे वायू आपोआप वाहत राहतोय म्हणून, त्याने पाठवला होता. आग लागली होती आणि सुदैवाने पुढे न पसरता विझली होती. ती सीट मी बाटलीत घालून कामाच्या टेबलापाशी ठेवली आहे.

४० टक्क्यांपर्यंत काहीच करावं लागत नाही ना?

मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमध्ये रूढ पद्धत अशी आहे की ४० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असलेल्या नायट्रॉक्सला (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेला) चांगल्या स्थितीतला नेहमीचा रेग्युलेटर चालतो, त्यावर गेलात की ऑक्सिजनसाठी साफ केलेला लागतो. अमेरिकेच्या व्यावसायिक डायव्हिंगच्या नियमांतही हाच ४० टक्क्यांचा आकडा आहे. औद्योगिक वायूंच्या जगात मात्र २३.५ टक्क्यांच्या वर गेलं की मिश्रण ऑक्सिजनयुक्त समजतात. त्यामुळे तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत उत्पादकाने काय लिहिलं आहे तेच अंतिम. आणि एक गोष्ट विसरू नका: पार्शल प्रेशर पद्धतीने नायट्रॉक्स बनवताना सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात. शेवटी ३२ टक्के होणार असले तरी तो सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी साफ केलेला असावाच लागतो.

'ऑक्सिजन क्लीन' आणि 'ऑक्सिजन कॉम्पॅटिबल' यात फरक काय?

क्लीन म्हणजे आत तेल, ग्रीस, कण काही नाही. कॉम्पॅटिबल म्हणजे आतले सुटे भाग आणि वंगण ऑक्सिजनला चालणाऱ्या पदार्थांचे आहेत. दोन्ही असेल तरच रेग्युलेटर ऑक्सिजनसाठी तयार. लखलखीत धुऊन आत पुन्हा सिलिकॉन ग्रीस लावलं तर उपयोग शून्य, आणि उत्तम ओ-रिंगा मळक्या बॉडीत बसवल्या तरी तेच.

माझ्या आजीचं सोवळं होतं. त्यामागचा विचार मला कधी पटला नाही, पण त्याची एक शिस्त या कामात रोज आठवते: सोवळ्याला बाहेरचा एक स्पर्श झाला की ते संपलं. अर्धं सोवळं असं काही नसतं. ऑक्सिजन क्लीन ही रेग्युलेटरची तशीच अवस्था आहे. ती विकत घेता येत नाही, स्टिकरने टिकत नाही, आणि मोडली की पुन्हा पहिल्यापासून.

माझा रेग्युलेटर चालेल का?

टायटॅनियमचा असेल तर नाही, आणि यावर चर्चाही नाही. टायटॅनियम दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये फार सहज पेटतं. पितळ सगळ्यात भरवशाचं. क्रोम चढवलेल्या पितळी बॉडीचे जुने, साधे रेग्युलेटर या कामाला सुंदर असतात. क्रोम सोलवटलेलं असेल तर मी काम घेत नाही, कारण त्या खपल्या कुठे जाणार हे वर सांगितलं आहे.

फर्स्ट स्टेज पिस्टनची की डायफ्रामची, या वादात मी पडत नाही. आतली रचना साधी, वळणं कमी, आणि उत्पादक त्या मॉडेलसाठी ऑक्सिजनचा किट (बदलायच्या सुट्या भागांचा संच) देतो, एवढं बघतो. किट मिळत नसेल तर बाजारातल्या ओ-रिंगा जुळवून काम भागेल, पण हाय प्रेशर सीटचं काय? ती कशाची आहे हे कोणी सांगू शकत नसेल तर तो रेग्युलेटर हवेसाठीच ठेवा.

थंड पाण्यासाठी सील केलेल्या काही मॉडेलमध्ये पुढच्या कप्प्यात सिलिकॉन तेल भरलेलं असतं. ते पूर्ण काढावं लागतं. कप्प्याला कोरडी रचना असेल तर उत्तम.

ओ-रिंगा व्हायटॉनच्याच हव्यात का?

नेहमीच्या नायट्राइल रबरापेक्षा व्हायटॉन या फ्लोरिनयुक्त रबराला पेटायला बरंच जास्त तापमान लागतं, म्हणून ते पहिल्या पसंतीचं. त्याचे दोषही आहेत: थंड पाण्यात ते कडक होतं आणि कधी कधी बारीक गळती सुरू होते, आणि जळलंच तर विषारी धूर करतं. म्हणून काही उत्पादक ईपीडीएम हे दुसरं रबर देतात. ईपीडीएमला तेल सोसत नाही, फुगतं. पण ऑक्सिजनच्या रेग्युलेटरमध्ये तेल असण्याचं कारणच नाही. किटमध्ये जे येतं ते बसवा.

रंगावरून ओळखू नका. तपकिरी किंवा हिरवी म्हणजे व्हायटॉन, काळी म्हणजे नायट्राइल, असा कोणताही नियम नाही. काळं व्हायटॉनही मिळतं. पाकिटावरचं लेबल शाबूत असलेला मालच घ्या, दुकानातल्या बरणीतली सुटी रिंग नको.

आणि ग्रीस?

सिलिकॉन ग्रीस नाही, व्हॅसलीन नाही, शिलाईमशीनचं तेल नाही, फवाऱ्याचं वंगण तर नाहीच. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये गॅस वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही जुन्या कारागिराला विचारा. ऑक्सिजनच्या नॉबला तेलकट हात लावायचा नाही हे तो पहिल्या दिवशी शिकलेला असतो. आपल्याला चालतं ते पीएफपीई प्रकारचं, फ्लोरिनवर आधारलेलं ग्रीस: ख्रिस्टो-ल्यूब, क्रायटॉक्स, ट्रायबोल्यूब ही त्यातली माहितीतली नावं. महाग आहे, छोट्या ट्यूबचा भाव ऐकून लोक दचकतात. पण लागतंही थोडंच. हलणाऱ्या ओ-रिंगवर फक्त चमक येईल इतका थर. लडबडून लावलं तर चांगलं ग्रीसही धूळ धरून बसतं.

सर्व्हिस नेमकी कशी करता?

उघडण्याआधी आहे तसा तपासतो: इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणारा दाब, किती आहे (बहुतेक मॉडेलमध्ये ९ ते १० बारच्या आसपास), बंद झाल्यावर ते स्थिर राहतं की वर सरकतं, गळती कुठे आहे. हे आकडे नंतर तुलनेला लागतात.

मग तो 'मळक्या' टेबलावर उघडतो. दोन टेबलं वेगळी आहेत, हत्यारंही वेगळी. सगळे मऊ भाग, म्हणजे ओ-रिंगा, सीट, डायफ्राम, आणि त्यांच्याबरोबर तोंडाचा सिंटर्ड (धातूच्या दाण्यांचा) फिल्टर थेट टाकून देतो. फिल्टर धुऊन पुन्हा वापरण्याची विनंती होते. त्याच्या हजार बारीक छिद्रांत काय अडकलं आहे ते कोणाला दिसणार? जुनं ग्रीस आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढतो. हे कंटाळवाणं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण सिलिकॉन ग्रीस साबणाच्या पाण्याने नीट निघत नाही. ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक टबात टाकलं की पातळ थर होऊन सगळ्या भागांवर पसरतं.

समुद्राचा खार आणि पितळेवरचा हिरवा गंज काढायला सौम्य आम्लाच्या पाण्यातून थोडा वेळ अल्ट्रासॉनिक टबात. जास्त ठेवलं की क्रोमला लागतं, म्हणून घड्याळ लावून. खळखळून धुणं. मग दुसरा टब: चांगल्या गरम पाण्यात तेल सोडवणारा, मागे थर न ठेवणारा प्रयोगशाळेच्या दर्जाचा डिटर्जंट. भांड्यांचा सुवासिक साबण चालत नाही, कारण त्यातलं सुगंधी द्रव्य आणि हात मऊ ठेवणारं द्रव्य भागांवरच राहतं. पूर्वी या कामाला फ्रिऑन-११३ हे द्रावक वापरत. ओझोनच्या थराला बाधक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हद्दपार झालं. गरम पाणी, योग्य डिटर्जंट आणि धीर यांनी तेच काम होतं.

धुतल्यावर पाण्याची परीक्षा घेतो. स्वच्छ धातूवर पाणी सलग पडद्यासारखं पसरतं. कुठे तेल असेल तर तिथे पडदा फाटतो आणि थेंब गोळा होतात. आळवाच्या पानावर पाणी जसं गोळा होतं तसं दिसलं, की तो भाग पुन्हा टबात. शेवटचं धुतलेलं पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवतो. फेस राहिला तर डिटर्जंट उरलं आहे.

वाळवणं शुद्ध नायट्रोजनने. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा मारली की तिच्यातल्या तेलाच्या वाफेने सगळी मेहनत वाया जाते. मग पावडर नसलेले हातमोजे, स्वच्छ टेबल, नवा किट, जुळणी. आणि इथे एक सापळा आहे, ज्यात चांगले लोक फसतात: जुळवलेला रेग्युलेटर तपासायला म्हणून नेहमीच्या हवेच्या सिलिंडरवर लावायचा. ट्यूनिंग आणि लीक टेस्टसुद्धा स्वच्छ वायूवरच. शेवटी तोंडावर झाकण, जाड पिशवी, हवाबंद सील, त्यावर तारीख.

धुवायला कोणतं पाणी?

पुण्यात हा प्रश्न घराच्या पत्त्यावर ठरतो. पेठांमध्ये खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ आहे. वाघोली, वाकडकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी, ते जड. वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. तो डाग म्हणजे क्षार, म्हणजे कण. पहिलं धुणं नळाच्या गाळलेल्या पाण्याने चालतं, शेवटची दोन धुणी मात्र डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाण्याचीच. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं म्हणून सुट्या कॅनमध्ये मिळणारं पाणी वापरू नका, तो कॅन आधी कशाचा होता हे कोणाला माहीत?

यूव्ही दिव्याखाली काही चमकलं नाही, म्हणजे स्वच्छ?

नाही. पेट्रोलियमची बरीच तेलं यूव्हीत निळसर चमकतात, पण सगळी नाही. सिलिकॉन ग्रीस बहुतेकदा दिसतच नाही. यूव्हीत चमकलं तर नापास. नाही चमकलं तर अजून पास नाही, इतकंच. पांढरा झगझगीत उजेड, भिंग, पांढऱ्या कापडाने पुसून बघणं आणि वरची पाण्याची परीक्षा, हे सगळं मिळून निकाल.

घरी करता येईल का?

तुम्ही त्या मॉडेलचं सर्व्हिसिंग शिकला असाल, तरी घरी नको. आपल्या घरात फोडणी होते. कढईतून उडालेली तेलाची वाफ स्वयंपाकघरात राहत नाही. पंख्याच्या पात्यांवरचा चिकट थर बघा. केसांना खोबरेल, संध्याकाळी निरांजन, उदबत्तीचा धूर, गणपतीत दहा दिवस कापूर. हे सगळं घराचं घरपण आहे, पण ऑक्सिजनच्या भागांना ते चालत नाही.

वर्कशॉपमध्ये मी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो. ऑक्सिजनची हत्यारं मात्र त्यांच्या बंद डब्यातच असतात. हळद-कुंकू आणि फूल डब्याला, आणि ते उतरवून डबा पुसल्याशिवाय तो स्वच्छ टेबलावर जात नाही.

प्रेशर गेजचं काय?

बहुतेक जण हेच विसरतात. गेजच्या आत एक वाकडी, एका टोकाला बंद नळी असते. काही गेज कारखान्यात तेलाच्या दाबावर तपासलेले असतात आणि त्या नळीत तेल राहू शकतं. एक तोंड बंद असल्याने ती आतून धुता येत नाही. ऑक्सिजनसाठी म्हणून बनवलेला गेज घ्या. हाय प्रेशर होजही नवी, त्याच कामाची.

सेकंड स्टेजला दाब १० बारच्या आसपासच पोचतो, म्हणून तिथे धोका कमी. तरी मी ती तितक्याच काळजीने करतो, कारण तिच्यातला कण ऑक्सिजनच्या प्रवाहात आहे आणि तो श्वास तुमचा आहे.

एकदा हवेच्या सिलिंडरवर लावला तर बिघडतो का?

हो. कितीही वाईट वाटलं तरी हो. श्वासासाठीच्या नेहमीच्या हवेला, अमेरिकेतल्या ग्रेड ई या मानकाप्रमाणे, घनमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं. ऑक्सिजनबरोबर मिसळायच्या हवेला ही मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पन्नास पट कडक. ५ मिलिग्रॅम फुप्फुसांना चालतं, पण प्रत्येक डाइव्हगणिक ते फर्स्ट स्टेजच्या आत साठत जातं.

होतं असं: बोटीवर कोणाचा तरी रेग्युलेटर बिघडतो, आणि पिशवीत सीलबंद दुसरा असतो. मित्रासाठी द्या, जरूर द्या, माणसाची डाइव्ह वाया जाऊ नये. पण देताना त्यावरचं 'ऑक्सिजन' लेबल तिथेच फाडा आणि परत आल्यावर सर्व्हिसला पाठवा. लेबल राहिलं की चार महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही. माझ्याकडे ताजं ऑक्सिजन स्टिकर लावलेले रेग्युलेटर आले आहेत, ज्यांच्या आत नायट्राइलच्या ओ-रिंगा आणि सिलिकॉन ग्रीसचा ढीग होता. स्टिकर लावणाऱ्याने खोटेपणा केला असेल असं नाही; मधे काय काय झालं त्याची नोंद कोणी ठेवली नव्हती.

वापरताना काय पाळायचं?

व्हॉल्व्ह हळू उघडायचा. इतका हळू की गेजचा काटा चढताना तुम्हाला मोजता येईल. सगळी सफाई ज्या चुकीपासून वाचवते ती चूकच न करणं जास्त चांगलं. अमेरिकेच्या व्यावसायिक नियमांत १२५ पीएसआयच्या (साधारण ८.६ बारच्या) वरच्या ऑक्सिजन यंत्रणेला हळू उघडणारेच व्हॉल्व्ह सक्तीचे आहेत, ते याचसाठी. जोडण्याआधी सिलिंडरचं तोंड बघा. वाळू असेल तर आधी ती काढा. जोडताना हाताला सनस्क्रीन नको. तारकर्लीच्या किनाऱ्यावर हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. तोंड पाण्यात बुडण्याआधी रेग्युलेटरला दाब दिलेला असू द्या, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

सिलिंडरवर आतला वायू, तपासल्याची तारीख आणि ६ मीटर, हे मोठ्या अक्षरात. आणि पाण्याखाली तोंडात घेण्याआधी जोडीदाराने ते वाचून मान हलवली पाहिजे.

पुण्याच्या उंचीवर ट्यून केलेला रेग्युलेटर समुद्रात चालेल?

चालेल. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, पण रेग्युलेटर आजूबाजूच्या दाबाशी तुलना करूनच चालतो.

ऑक्सिजन भरून देता का?

नाही. आपल्याकडे सिलिंडर भरणं गॅस सिलिंडर रूल्स, २०१६ खाली येतं आणि त्याला परवाना लागतो. नियमन करणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय नागपुरात आहे. परवानाधारक ठिकाणीच भरा. दवाखान्याच्या काळ्या बॉडी आणि पांढऱ्या खांद्याच्या सिलिंडरमधून घरच्या घरी नळी जोडून डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन सोडायचा विचार कोणी करत असेल, तर हात जोडून सांगतो, करू नका. वर लिहिलेला दाबाचा आणि तापण्याचा सगळा धोका त्या नळीत एकवटलेला असतो.

किती दिवसांनी सर्व्हिस?

वर्षातून एकदा, वापर कमी असला तरी. सील फुटलं, हवेवर लावला, पाणी आत गेलं, वाळूत पडला, यातलं काहीही झालं तर लगेच. कोकणातला हंगाम जूनला बंद होतो तो सप्टेंबरनंतर उघडतो. पावसाळ्यात पाठवलात तर मलाही घाई नसते. या दिवसांत दमटपणामुळे वाळवायला मात्र एक दिवस जास्त धरा.

पाठवताना काय करू?

गोड्या पाण्यात झाकण लावून नीट बुडवा, सावलीत पूर्ण वाळवा, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाईत तेल असतं. बरोबर एक चिठ्ठी: मॉडेल, शेवटची सर्व्हिस कधी आणि कोणी केली, कोणत्या वायूवर किती डाइव्ह. हवेवर वापरला असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्यासाठी मी रागावत नाही आणि जास्त पैसेही घेत नाही. फक्त मला ते कळायला हवं.